नाकवाले नत्थूजी

नागपुरात इंदोऱ्यापासून सक्करदऱ्यापर्यंत कुणाच्याही घरात संडासाचा वास घुसला, आणि पाइप तर सगळे नवेकोरे दिसत असले, की घरातलं कुणीतरी म्हणायचं, “नाकवाल्या नत्थूजीले बलावा.” मग सायकलच्या दांडीला हत्यारांची पिशवी अडकवून आणि कॅरिअरवर बायकोला बसवून नत्थूजी येत. उंबऱ्यात थांबत, मान वर करत, डोळे मिटून नाकपुड्या फुलवत आणि एक लांबलचक श्वास घेत. बघणाऱ्याला वाटे, झालं, या माणसाला आता घरातल्या प्रत्येक पाइपाची कुंडली कळली.

खरी गोष्ट अशी होती, की नत्थूजींना कसलाच वास येत नव्हता. गुलाब आणि गटार त्यांना सारखंच.

जन्मापासून असं नव्हतं. रेल्वेच्या बांधकाम खात्यात एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली ते फिटर झाले, तेव्हा नाक चांगलं धडधाकट होतं. छप्पन साली लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या गर्दीत तेही होते आणि कौसल्याही होती, पण तेव्हा दोघांची ओळख नव्हती. लग्न झालं पुढच्या उन्हाळ्यात. दीक्षेच्या दिवशी आपल्या पायावर पाय देऊन गेलेला तो उंच माणूस हाच होता, असं कौसल्या आयुष्यभर सांगत आली, आणि नत्थूजी आयुष्यभर नाकबूल करत आले. पुढे एका पावसाळ्यात ते तापाने असे फणफणले, की कौसल्येने आशा सोडली होती. ताप उतरला, अंगात ताकद आली, भूकही आली. एक दिवस कौसल्या चुलीवर वरण ठेवून शेजारी गेली. परत आली तर सगळी खोली धुराने भरलेली, वरणाचा कोळसा झालेला, आणि चुलीकडे पाठ करून बसलेले नत्थूजी निवांत विडी ओढतायत.

“अवो, वास नाही आला का तुमाले?”

“कायचा?” नत्थूजी म्हणाले.

त्या दिवशी दोघांनाही कळलं. नत्थूजी त्या रात्री जेवले नाहीत. वास न येणारा फिटर म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लोकांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दारात कुणी फिरकलं नसतं.

मार्ग काढला कौसल्येने. तिचं नाक पहिल्यापासून भलतंच तिखट. शेजारच्या घरात दूध नासायला लागलं, की शेजारणीच्या आधी हिला कळे. आणि त्या म्हाताऱ्या मिस्त्रीने नत्थूजींना एक युक्ती शिकवून ठेवली होती, जिला तसंही दोन माणसं लागत. गच्चीवर निघालेल्या पाइपाच्या तोंडातून पिपरमेंटचं तेल आणि वर कढत पाणी ओतायचं, आणि तोंड ओल्या गोणपाटाने बंद करायचं. पिपरमेंटची वाफ सगळ्या पाइपांत भरते, आणि जिथे फट असेल तिथून घरात येते. मात्र ओतणाऱ्याच्या हाताला, कपड्यांना, नाकाला तो वास इतका चिकटतो, की त्याला पुढे काही कळत नाही. म्हणून ओतणारा वेगळा आणि हुंगणारा वेगळा. नत्थूजी ओतायला लागले आणि कौसल्या हुंगायला.

पण लोकांना दिसे ते वेगळंच. कौसल्या डबा घेऊन आलेली बायको. घरातल्या बायका तिला घर दाखवत, ती खोल्याखोल्यांतून फिरे, “पडदे मस्त हायेत बाई,” म्हणे, आणि जाता जाता प्रत्येक कोपऱ्यात श्वास घेई. मग जिन्यात नवऱ्याच्या कानाला लागे. त्यानंतर नत्थूजी खाली उतरत, नाकपुड्या फुलवत आणि बरोब्बर त्या ठिकाणी बोट ठेवत. लोक चाट पडत. कामाच्या दिवशी कौसल्या डोक्याला वासाचं तेल लावत नसे, पान खात नसे, सकाळी कांदासुद्धा चिरत नसे. नाव मात्र नत्थूजींचं झालं. तिला त्याचं काही वाटत नसे. निदान ती तसं म्हणे.

त्र्याहत्तर सालच्या हिवाळ्यात जुन्या शुक्रवारीतून देवरावांचा निरोप आला. देवरावांचं इतवारीत बी-बियाण्याचं दुकान आणि कळमेश्वरकडे शेती. वडिलांनी बांधलेलं कौलारू घर होतं. देवरावांनी कौलं उतरवून स्लॅब टाकला, वर माडी चढवली, आणि ही सगळी उठाठेव मुख्यतः आईसाठी केली. त्यांची आई रुखमाबाई परसातल्या जुन्या संडासाकडे जाताना घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडून बसली. परस ओलांडणं आता तिच्याच्याने होणार नव्हतं. म्हणून तिच्या खोलीला लागूनच नवीन संडास केला, माडीवर देवराव आणि त्यांची बायको प्रेमलता यांच्यासाठी दुसरा, आणि दोन्ही एकाच बिडाच्या पाइपाला जोडले.

आणि तेव्हापासून खालच्या घरात असा वास सुटला, की पाहुणे चहा अर्धा टाकून उठू लागले.

“हे शेवटचं पाहून राहिलो नत्थूजी,” देवराव म्हणाले. “दोन फिटर येऊन गेले. आता नाही जमलं तर खालचा संडास बंद. दरवाजा विटा लावून चिनून टाकतो अन् आईले खाटेजवळ भांडं देतो.”

आतून खाटेवरून आवाज आला, “अन् थे भांडं फेकन कोन? तू? त्यापेक्षा मले त्या परसातच नेऊन ठेव ना गा.”

आवाज करडा होता, पण शेवटी फाटला. नत्थूजींना म्हातारीची दया आली.

प्रेमलता पाणी घेऊन आली. सासूचा डोळा खोलीच्या दारातून बाहेर होताच. तिने एकदा मागे पाहिलं, खाली पाहिलं आणि तांब्या वर धरून नत्थूजींच्या ओंजळीत पाणी ओतलं. नत्थूजी प्याले. कौसल्या म्हणाली, “मले तहान नाही.” मग रुखमाबाईचा आवाज पुन्हा आला, “त्या बाईले ओट्यावर बस म्हना. आतमंधी देव हायेत.”

ही इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतली माणसं, हे या घराला आधीच कळलेलं होतं तर.

खरं म्हणजे इथे एक वाक्य पुरे होतं. माझं नाक म्हणजे ही आहे, ही आत आली नाही तर काम होणार नाही. ते वाक्य नत्थूजींच्या घशापर्यंत आलं आणि तिथूनच परत गेलं. इतक्या वर्षांचं नाव एका वाक्यात घालवायचं, तेही या घरात, या उंबऱ्यावर, त्यांच्या जिवावर आलं. रागही आला होता. त्यांनी पिशवी उचलली.

“चाल वं. नाही करायचं हे काम.”

कौसल्या ओट्यावरून हलली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. “मलेही राग येऊन राहिला,” ती हळूच म्हणाली. “पन म्हातारीचं मांडीचं हाड मोडलं हाये. बोळीतून मांगं जाता येते. मी तिकडून पाहतो.”

मग नत्थूजी गच्चीवर गेले, तेल आणि कढत पाणी ओतलं, तोंडाला गोणपाट बांधलं. कौसल्या बाजूच्या बोळीतून परसात आली आणि परसाच्या दाराने संडासासमोरच्या छोट्या बोळकांडीत. तिथून पुढे रुखमाबाईच्या खोलीचा उंबरा. तो ओलांडायचा नव्हता. कौसल्या उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिली आणि तिने श्वास घेतला. पिपरमेंट! चांगलं घमघमत होतं, थेट त्या खोलीतून, समोरच्या भिंतीकडून. ती परसात गेली आणि गच्चीवरून वाकलेल्या नवऱ्याला तिने बोटाने खूण केली.

नत्थूजी खाली आले. कपडे बदलले, हात राखेने धुतले, रुखमाबाईच्या खोलीच्या दारात उभे राहिले, डोळे मिटले, नाकपुड्या फुलवल्या.

“या भिंतीत हाये,” ते म्हणाले.

त्या भिंतीत देवांचा कोनाडा होता. रुखमाबाईचं चालणं बंद झाल्यापासून देवरावांनी देव तिच्या खोलीतच आणून ठेवले होते. देवरावांनी आईकडे पाहिलं. तिने हात जोडले आणि मान हलवली. देव पाटावर उतरवले. नत्थूजींनी छिन्नी लावली. संडासाचा पाइप याच भिंतीतून जात असेल, तेव्हा जोड तिथेच असणार, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. प्लास्टर पडलं, एक वीट निघाली, दुसरी निघाली. आत आणखी विटा. नत्थूजी घामाघूम होऊन आणखी खोल गेले, आणि अखेर छिन्नी आरपार जाऊन परसातला उजेड दिसला. पाइपाचा पत्ता नव्हता.

देवांच्या जागी एक भोक होतं आणि त्यातून परसातल्या कोंबड्या दिसत होत्या.

“देवरावा,” रुखमाबाई रडत म्हणाली, “माह्ये देव उठवले रे यानं. कायचा नाकवाला हा!”

देवराव काही वाईट माणूस नव्हते, पण त्यांचाही धीर सुटला. “राहू द्या आता नत्थूजी. उद्या गवंडी आनतो. संडासाचा दरवाजाही चिनून टाकू अन् हेही बुजवू.”

नत्थूजी छिन्नी धरून उभे होते. त्यांनी परसाच्या दाराकडे पाहिलं. कौसल्या तिथे, उंबऱ्याच्या पलीकडे, पदर तोंडाशी धरून उभी होती. चुकलं असलं तर दोष आपल्या माथी घ्यायला ती तयार होती, आणि या घरात तो तिच्या माथी मारणं किती सोपं होतं हेही तिला ठाऊक होतं. हे सगळं तिच्या डोळ्यांत त्यांना दिसलं. आणि नत्थूजींना स्वतःची अशी लाज वाटली, की नावाची काळजी त्या लाजेपुढे उरलीच नाही.

“नाक माह्यं नाही,” ते म्हणाले. “मले वास येत नाही. कितीक वर्सं झाले, कायचाच येत नाही. नाक हिचं हाये, माह्या बायकोचं. सगळ्या गावात थे हुंगते अन् मी बोट ठेवतो. तुम्ही तिले उंबऱ्याबाहेर ठेवलं, मी गप राहिलो. उंबऱ्यावरून जेवढं समजते तेवढं तिनं सांगितलं. चूक तिची नाही. तुमची थोडी हाये, बाकी सगळी माही.”

एवढं बोलून ते भिंतीजवळच खाली बसले. प्रेमलतेने तोंडावर हात ठेवला. तो धक्क्याने की हसू लपवायला, ते तिचं तिला माहीत.

रुखमाबाईने कौसल्येकडे पाहिलं. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते कुणी सांगू शकणार नाही. वयाची सत्तरी गाठलेल्या बाईच्या मनातला उंबरा असा चटकन उठत नाही. पण देव तर उठलेच होते, आणि खाटेजवळचं ते भांडं तिला समोर दिसत होतं.

“मंग उभी काहून हायेस तथी?” ती अखेर म्हणाली. “ये ना वं.”

कौसल्या जागची हलली नाही. “पाय धुवून येऊ का बाई? का नुसती येऊ?”

त्या प्रश्नाला धार होती, आणि ती रुखमाबाईला बरोबर लागली. तिने मान खाली घातली. “नुसतीच ये,” ती म्हणाली. “माह्ये सोताचे पाय धुवाले दोन मान्सं लागते मले. मी कोनाचे धुवायले लावू?”

कौसल्या आत आली. खोलीच्या मधोमध उभी राहून तिने श्वास घेतला, मग वळली, मग दोन पावलं टाकली. भिंतीकडे नाही, भिंतीच्या अलीकडे असलेल्या खाटेकडे. खाटेजवळ वाकली आणि म्हातारीच्या उशाला असलेल्या घडीव पितळी डब्यावर बोट ठेवलं.

“बाई, यात काय हाये?”

“पानाचा डबा हाये. काहून?”

कौसल्येने झाकण उघडलं. सुपारी, काथ, चुना, आणि कोपऱ्यातल्या चपट्या बाटलीत पिपरमेंटचे खडे. झाकण उघडताच देवराव आणि प्रेमलता यांनाही वास आला. फक्त नत्थूजींना आला नाही.

“त्या संडासाचा वास सहन होत नव्हता,” रुखमाबाई ओशाळून म्हणाली. “म्हनून पानात टाकून राहिली होती जरासं. तेवढंच नाकाले बरं वाटे.”

आधी हसली प्रेमलता. मग देवराव हसले, मग खुद्द रुखमाबाई, मांडी दुखते म्हणून कण्हत कण्हत हसली. पायाशी विटांचा ढीग, भिंतीला भोक, त्यातून डोकावणारी कोंबडी. नत्थूजीही हसले, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी डबा शेजाऱ्यांकडे रवाना झाला. खिडक्या, दारं उघडून घर वाऱ्यावर धुतलं. नत्थूजींनी पुन्हा गच्चीवरून तेल ओतलं. कौसल्या या वेळी पुढच्या दाराने आली आणि देवांचा कोनाडा, स्वयंपाकघर, कोठीची खोली, सगळं फिरली. कुठेच काही नाही. मग स्वयंपाकघरातून निघणाऱ्या जिन्याने ती वर चढायला लागली. आदल्या दिवशी हा जिना तिच्या वाट्याला आलाच नव्हता. जिन्याच्या वळणावर ती थबकली. वर, भिंत जिथे स्लॅबला मिळते तिथे, बारीकशी चीर होती. कौसल्या टाचा उंचावून उभी राहिली.

“इथं हाये,” तिने हाक दिली. कानाला लागायची आता गरज नव्हती.

नत्थूजींनी तिथलं प्लास्टर काढलं, आणि आत पाइपाचं तोंड निघालं. त्या तोंडात गोणपाट कोंबलेलं, वर सिमेंट बसलेलं. तेव्हा कुठे सगळा उलगडा झाला. संडासाच्या भांड्याखाली पाइपाला वळण असतं आणि त्यात पाणी साचून राहतं. गटाराचा वास अडवून धरतं ते एवढंच पाणी. वरच्या मजल्यावरून बादली ओतली, की त्या बादलीचं पाणी पाइपातून जोराने खाली जातं आणि मागे हवा मागतं. ती हवा मिळावी म्हणून खालच्या संडासाला एक वेगळा पाइप वर आभाळापर्यंत मोकळा न्यावा लागतो. त्याला नत्थूजी हवेचा पाइप म्हणत. देवरावांच्या घरात तो होता, पण खालचा संडास कौलं उतरवण्याआधीच बांधलेला, म्हणून जुन्या छपराच्या उंचीपर्यंतच. स्लॅब टाकताना आत माल पडू नये म्हणून गवंड्याने शहाणपणाने तोंडात गोणपाट कोंबलं, आणि नंतर ते काढायचं विसरून वर प्लास्टर मारलं. वरून हवा मिळेना, म्हणून माडीवर बादली ओतली की खालच्या वळणातलं पाणीच ढुकढुक करत ओढलं जाई, आणि मग गटार थेट रुखमाबाईच्या उशाशी.

नत्थूजींनी तो पाइप भिंतीबाहेरून काढून गच्चीच्या वर नेला. प्रत्येक जोडात सुतळी ठोकली, वर शिसं ओतलं, आणि टोकाला चिमण्यांनी घरटं करू नये म्हणून जाळीची टोपी बसवली. देवरावांनी कोनाड्यातलं भोक बुजवून देव परत ठेवले. मग परीक्षेची वेळ आली. प्रेमलता माडीवर बादली घेऊन उभी, आणि खाली देवराव, नत्थूजी, कौसल्या आणि उचलून आणून स्टुलावर बसवलेली रुखमाबाई, सगळे त्या भांड्याकडे टक लावून. इतक्या भक्तिभावाने संडासाकडे पाहणारी माणसं जुन्या शुक्रवारीने त्याआधी पाहिली नसतील.

वरून बादली ओतल्याचा आवाज आला. भिंतीतून पाणी धडधडत खाली गेलं. भांड्यातलं पाणी थरथरलं, जरा हेलकावलं आणि जागेवर राहिलं.

“ढुकढुक नाही केलं,” रुखमाबाई म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले. “गप बसलं वं, बिचारं.”

तिने शेजाऱ्यांकडून डबा परत मागवला आणि स्वतःच्या हाताने विडे लावले. काथ, चुना, सुपारी आणि पिपरमेंटचा एक खडा. कामाच्या दिवशी पान खात नाही, असं कौसल्येने तिला सकाळीच सांगितलं होतं. पहिला विडा तिने कौसल्येपुढे धरला. वरून टाकला नाही. तळहातावर ठेवला आणि बोटं मिटून दिली.

“काम झालं ना वं? आता तरी खाशील?”

“झालं,” कौसल्या म्हणाली आणि विडा तोंडात टाकला. “पानीही द्या बाई,” ती मग म्हणाली. “कालपासून तहान लागून राहिली मले.”

प्रेमलता पळतच गेली आणि पेला भरून घेऊन आली.

दुसरा विडा नत्थूजींना मिळाला. ते सायकल काढून रस्त्यावर आले, कौसल्या कॅरिअरवर बसली, आणि थोडं पुढे जातात न जातात तोच त्यांनी करकचून ब्रेक लावला.

“कौसल्या! आला वं! नाकात आला वास!”

कौसल्या उतरली. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून खोटं बोलावं असं तिच्या मनात क्षणभर आलं. “थो वास नव्हे,” ती म्हणाली. “पिपरमेंटचा गारवा हाये. थो सगळ्याइलेच लागते.”

नत्थूजी तोंड उघडून थंडीची हवा आत ओढत उभे राहिले. “असो गारवा,” ते म्हणाले. “बरा हाये. मंग आता वास कोनकोनते येऊन राहिले, थे सांगत चाल.” आणि कौसल्या इंदोऱ्यापर्यंत सांगत गेली. कुणाच्या घरी तर्री उकळते आहे, कुठे संत्र्यांच्या पेट्या उतरल्या आहेत, कुणाचं अंगण शेणाने सारवलं आहे.

ती गोष्ट गावभर व्हायला वेळ लागला नाही. नत्थूजी घरी बसून वाट पाहत होते, की आता कामं बंद पडतील. मग एका सकाळी दाराबाहेर सायकलची घंटी वाजली आणि कुणीतरी हाक मारली, “नाकवाले नत्थूजी हायेत का घरी?”

नत्थूजी ओसरीत पाइपाला आटे पाडत बसले होते. त्यांनी हात थांबवला नाही. मान वळवून घरात आवाज दिला.

“कौसल्या, बाहेर ये वं. तुले बलावून राहिले.”